पलटण हवी, बिऱ्हाड नको

'गुरखा' हा शब्द आपल्या गावांत बहुतेकांस ठाऊक असतो तो रात्रीच्या राखणदाराचा म्हणून. हातात काठी, तोंडात शिटी, आणि महिनाअखेरीस घरोघर फिरून गोळा केलेले थोडेबहुत पैसे. त्याचे गाव कोणते, त्याची बायकामुले कोठे असतात, त्याची आई आजारी पडली तर तिला दवाखान्यात कोण नेते, हे सहसा कोणी विचारीत नाही. तो एकटाच असणार, असे आपण धरूनच चालतो. हे धरून चालणे आपण होऊन सुरू केलेले नाही. एका मोठ्या सरकारने ते दीडशे-पावणेदोनशे वर्षे आपले धोरण म्हणून चालविले, आणि त्या धोरणाचा शेवट इंग्लंडातील एका छावणीच्या गावात मोठ्या वादाने झाला. त्या वादाची हकीकत आज श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

२००९ साली गुरखा शिपायांच्या बाजूने इंग्लंडात लोकमताची लाट उसळली. पार्लमेंटात सरकारचा पराभव झाला आणि निवृत्त गुरख्यांस सहकुटुंब तेथे कायम राहण्याचा हक्क मिळाला. पुढे दोनच वर्षांनी, २०११ साली, आल्डरशॉट ह्या लष्करी गावाच्या खासदाराने पंतप्रधानांकडे तक्रार केली की, नेपाळी कुटुंबांच्या गर्दीने आमच्या भागातील दवाखाने, शाळा व इतर सोयी अपुऱ्या पडू लागल्या आहेत. दोन वर्षांत टाळ्यांची जागा कुरकुरीने घेतली. हे कसे झाले? लोक एवढ्यात कृतघ्न झाले काय? आम्हांस तसे वाटत नाही. कामगारांच्या मागण्या लिहिण्यात आणि मालकाशी हिशेब घालण्यात आमचे आयुष्य गेले. त्यामुळे हा प्रश्न आम्हांस प्रथम मजुरीचा दिसतो. देशाभिमान, वंश, परकेपणा ह्या गोष्टी त्यात आहेतच. पण त्या वरच्या थरातल्या आहेत. तळाशी एक जुनी थकबाकी आहे.

थोडे मागे जाऊ. १८१४ ते १८१६ ह्या काळात कंपनी सरकार आणि नेपाळ ह्यांच्यात युद्ध झाले. पश्चिमेकडील डोंगरी मुलखात ऑक्टरलोनीने मलाऊंचा किल्ला घेतला, आणि १८१५ च्या मे महिन्यात अमरसिंग थापा ह्यांस शरण यावे लागले. हरलेल्या बाजूच्या शिपायांतूनच कंपनीने त्या साली आपल्या पहिल्या गुरखा पलटणी उभ्या केल्या. सुगौलीचा तह कायम झाला तो १८१६ च्या मार्च महिन्यात. म्हणजे तह पुरा होण्यापूर्वीच भरती चालू झाली होती. मगर, गुरुंग, राई, लिंबू ह्या डोंगरी जातींच्या तरुणांस हा मार्ग अगदीच नवा नव्हता. त्यांच्यातले काही रणजितसिंगाच्या फौजेत चाकरीस लाहोरला जात. परमुलखात शिपाईगिरी करणाऱ्यास नेपाळात 'लाहुरे' म्हणतात, तो शब्द तेथूनच आला. डोंगरातल्या तुटपुंज्या शेतीवर घर चालत नाही, रोख पैसा कोठून तरी आणावा लागतो, म्हणून मुलगा घर सोडतो. कोकणातल्या मंडळींस हे समजावून सांगण्याची गरज नाही.

१८५७ साली ह्या भाडोत्री शिपायाचे मोल कंपनी सरकारला पुरते कळले. दिल्लीच्या टेकडीवर सिरमूर पलटणीने जो वाडा धरून ठेवला, तो हिंदुरावांचा वाडा. हे हिंदुराव म्हणजे कागलचे घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. त्या वाड्याच्या जागी पुढे इस्पितळ झाले आणि त्याला त्यांचे नाव राहिले. त्या वेढ्यात सिरमूर पलटणीच्या ४९० जणांपैकी ३२७ जण ठार वा जखमी झाले. आपल्या माणसांविरुद्ध आपलीच माणसे बिथरली असता, ज्यांचे तेथे कोणी नात्यागोत्याचे नव्हते ती माणसे जागची हलली नाहीत. परक्या शिपायाची खरी किंमत राज्यकर्त्यांस वाटते ती ह्यात. शौर्य तर हवेच. पण समोरच्या जमावात त्याचा मामा किंवा मेहुणा असता कामा नये, हे अधिक हवे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत डायरने नेलेल्या पन्नास बंदूकवाल्यांत निम्मे गुरखे होते, आणि शिवाय केवळ कुकऱ्या घेतलेले चाळीस गुरखे निराळे होते. उरलेले निम्मे बंदूकवाले हिंदुस्थानातल्याच दुसऱ्या पलटणींतले होते, हेही सांगितले पाहिजे. नाही तर सारा दोष एकट्या गुरख्याच्या माथी मारून आपण मोकळे होऊ.

गुरख्यास छावणीत वसवावे की नाही, हा वाद इंग्लंडात प्रथम निघाला अशी पुष्कळांची समजूत असेल. तो हिमालयाच्या पायथ्याशी फार पूर्वीच झालेला आहे. जंगबहादूर राणा ह्यांच्या अमदानीत नेपाळ दरबार आपली माणसे उघडपणे परक्या फौजेत जाऊ देण्यास राजी नव्हता. तरुण सरहद्द ओलांडून चोरून येत. अशा वेळी शिपाई टिकवावयाचा, तर त्याचे बिऱ्हाड जवळ पाहिजे, हे सरकारने ओळखले. १८६० नंतरच्या काही वर्षांत धरमशाला, देहरादून, अल्मोडा, बकलोह, अबोटाबाद अशी कायमची ठाणी गुरखा पलटणींस मिळाली. तेथे कुटुंबे राहू लागली, मुले जन्मली, निवृत्त शिपाई आसपास घरे बांधून राहिले. शिपायाचा मुलगा शिपाई होईल, म्हणजे भरतीची चिंता मिटली, असा तो हिशेब होता.

पुढे १८८५-८६ च्या सुमारास बीर शमशेर ह्यांनी भरतीस मोकळीक दिली, गोरखपूरला भरतीचा तळ पडला, आणि हिशेब उलटला. डोंगरातून हवे तितके ताजे तरुण मिळू लागताच साहेबलोक म्हणू लागले की, छावणीत वाढलेली पोरे बिघडतात. त्यांच्यात डोंगरी पाणी राहत नाही. ती बाजारात वावरून चलाख होतात. ह्या मुलांस त्यांनी 'लाईन बॉय' असे नाव ठेवले. लाईन म्हणजे बराकीची ओळ. तीत जन्मला तो लाईन बॉय. कारकुनी, बँडबाजा ह्यांसाठी तो चाले. बंदुकीसाठी डोंगरातला निरक्षर मुलगा अधिक पसंत पडे. आम्हांस ह्या तक्रारीचा अर्थ निराळा लागतो. कारखान्याच्या फाटकाशी उभे राहणाऱ्या कोणासही तो लागेल. गावाहून काल आलेला मुलगा पगारपत्रकावर अंगठा उठवितो. कामगारवस्तीत वाढलेला मुलगा पत्रक वाचून पाहतो. आझाद हिंद सेनेत जाऊन १९४४ साली फासावर चढलेले दुर्गा मल्ल देहरादूनजवळच्या डोईवाल्याचे. त्याच सेनेच्या गीतांना चाली देणारे कॅप्टन रामसिंग ठाकुरी धरमशालेजवळचे. दोघेही छावणीच्या आसऱ्याने वसलेल्या गुरखा वस्तीतले. तेव्हा बिऱ्हाड करून राहिलेला शिपाई मालकाला अवघड जातो, ही साहेबाची शंका अगदीच खोटी नव्हती.

लढाऊ जातींचा जो सिद्धांत गुरख्यास डोक्यावर घेत होता, त्यानेच आपल्याकडे एका समाजाच्या पोटावर पाय दिला. लॉर्ड रॉबर्ट्‌स सरसेनापती असताना ह्या मताचा जोर झाला, आणि १८९० नंतर दोन-तीन वर्षांत महारांची भरती बंद पडली. ज्या घरांत पिढीजात पलटणीची नोकरी होती, ती घरे एकाएकी उघडी पडली. दापोलीच्या कँपात पेन्शनर सुभेदार-जमादारांची वस्ती होती. रामजी सुभेदारांचे कुटुंबही निवृत्तीनंतर काही काळ तेथे राहिले. पेन्शन, छावणीची शाळा आणि हक्काची जागा मिळाली, म्हणजे एका पिढीत काय घडू शकते, ह्याचे उदाहरण ह्या घराण्यातच आहे. १९१० साली शिवराम जानबा कांबळे ह्यांनी विलायतेस भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडून फौजेची दारे पुन्हा उघडण्याची मागणी केली. शिपाईगिरी ही नुसती नोकरी नसून तिच्या पाठोपाठ घर, शाळा आणि नागरिकत्वाचा मान येतो, हे त्या अर्जदारांस पक्के ठाऊक होते.

आता १९४७ साल. दहा गुरखा पलटणींची वाटणी झाली. सहा भारताकडे राहिल्या. दुसरी, सहावी, सातवी व दहावी अशा चार ब्रिटनने घेतल्या. ९ नोव्हेंबर १९४७ रोजी काठमांडूत तीन सरकारांचा करार झाला. त्याचा मतितार्थ असा की, गुरखा नेपाळी म्हणून भरती होईल, नेपाळी म्हणून नोकरी करील, आणि नोकरी संपल्यावर नेपाळी म्हणून स्वदेशी परतेल. ब्रिटनच्या चाकरीतल्या गुरख्याचे मूळ वेतन व पेन्शन भारतीय फौजेच्या दरांशी बांधले गेले. बाहेर मुलखात असताना तेथल्या महागाईसाठी वेगळा भत्ता मिळे. ह्यात नेपाळ सरकारचीही संमती होती. ह्या व्यवस्थेचे कारण तेव्हा समजण्यासारखेही होते. एकाच गावचे दोन भाऊ दोन फौजांत जाणार. एकास दुसऱ्याच्या अनेकपट पगार मिळाला तर भारताच्या पलटणींत कोण राहील, ही अडचण खरी होती.

परंतु काळ गेला आणि फरक रुंदावला. भारतात गोरखा शिपायास तोच पगार व तेच पेन्शन मिळते, जे शेजारच्या मराठा किंवा शीख शिपायास मिळते. १९५० च्या तहान्वये नेपाळी माणसास येथे राहण्याची व कामधंदा करण्याची मुभा आहे. म्हणून त्याने देहरादूनला घर बांधले तर त्याचा वाद होत नाही. ब्रिटनच्या फौजेत मात्र एकाच खंदकातल्या दोन शिपायांचे पेन्शन दोन निरनिराळ्या देशांच्या मापांनी मोजले जाऊ लागले. सरकारचे म्हणणे असे की, गुरख्याचे पेन्शन पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर, म्हणजे तिशी ओलांडताच सुरू होते, ब्रिटिश शिपायास बावीस वर्षे थांबावे लागते. शिवाय नेपाळात राहणीचा खर्च कमी. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही, आणि पुढे न्यायालयांनीही ते उचलून धरले. पण ज्याची पंधरा वर्षे भरली नाहीत त्याचे काय? मलायातील धामधुमीत १९४८ ते १९६० आणि नंतर बोर्निओच्या जंगलात १९६६ पर्यंत ह्या पलटणी लढल्या. काम संपताच कपात झाली, आणि १९७१ पर्यंत फौज जवळजवळ निम्मी केली गेली. आठ-दहा-बारा वर्षे नोकरी झालेले शिपाई पेन्शनशिवाय डोंगरात परतले. त्यांच्या हालांस उतारा म्हणून १९६९ साली गुरख्यांसाठी एक धर्मादाय निधी काढण्यात आला. पगार म्हणून जे द्यावयाचे ते दान म्हणून द्यावयाचे, ही युक्ती आपल्याकडच्या मालकांसही चांगली अवगत आहे. दान घेणारा हात जोडतो. पगार मागणारा हिशेब मागतो.

बिऱ्हाडाची गोष्ट ह्याहूनही ओढगस्तीची. मलायात आणि पुढे हाँगकाँगला ह्या फौजेचा तळ होता, तेव्हा हुद्देदार सोडले तर साध्या शिपायास सबंध नोकरीत मोजक्या काळापुरतेच कुटुंब जवळ आणता येई. एरवी बायको डोंगरात, नवरा समुद्राकाठी, आणि मधे तीन वर्षांतून मिळणारी लांब रजा. मुंबईच्या गिरणगावात शंभर वर्षे हेच चालले होते. कामगार खोलीत दहाजणांत पथारी टाकून निजायचा, खानावळीत जेवायचा. कुटुंब रत्नागिरीस किंवा साताऱ्यास, आणि मनीऑर्डर हा मधला दुवा. गिरणीमालकास हे स्वस्त पडे, कारण मूल वाढविण्याचा आणि म्हातारा सांभाळण्याचा खर्च गावाकडची शेती उचलीत असे. मालकाच्या वाट्याला माणसाच्या आयुष्यातली फक्त भर उमेदीची वर्षे येत. पलटणीचे गणित ह्याहून निराळे नव्हते.

१९९७ साली हाँगकाँग चीनच्या हवाली झाले आणि गुरखा फौजेचे ठाणे इंग्लंडात आले. हँपशायरमधील चर्च क्रुकम येथे गुरखा पलटण आधीपासून येत-जात होती. २००० साली ती केंट परगण्यात फोकस्टनजवळच्या शॉर्नक्लिफ छावणीत गेली. आता ह्या शिपायांचे पोट इंग्लंडच्या बाजारभावावर भरावयाचे, मुले इंग्लंडच्या शाळेत जावयाची, आणि कायदा मात्र हे परदेशात तळ दिलेले लोक आहेत असे धरून चालणार! ही कसरत फार दिवस चालण्यासारखी नव्हती. जपान्यांच्या कैदेत हाल सोसलेल्यांस सरकारने २००० साली दहा-दहा हजार पौंड देऊ केले, तेव्हा गुरख्यांस वगळले, कारण ते त्या वेळी हिंदी फौजेचे होते म्हणे. २००२ साली न्यायालयाने ते वगळणे अवैध ठरविले. ३० सप्टेंबर २००४ रोजी पंतप्रधान ब्लेअर ह्यांनी जाहीर केले की, १ जुलै १९९७ नंतर निवृत्त झालेल्या व किमान चार वर्षे नोकरी केलेल्या गुरख्यांस इंग्लंडात कायम राहण्यासाठी अर्ज करता येईल. २००६ पासून तीन वर्षे नोकरी झालेल्या शिपायास कुटुंब बरोबर ठेवण्याचा हक्क मिळाला.

राहिले ते १९९७ पूर्वीचे, म्हणजे ज्यांनी मोठ्या लढाया लढल्या ते म्हातारे. त्यांच्या अर्जांस उत्तर येई की, तुमचे ब्रिटनशी दृढ संबंध दिसत नाहीत. १९४४ साली ब्रह्मदेशात मोगाउंग येथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेले तुलबहादूर पुन ह्यांसही हेच सांगण्यात आले. २००७ साली त्याचा गवगवा झाला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. ३० सप्टेंबर २००८ रोजी हायकोर्टाने हे धोरण बेकायदा ठरविले. सरकारने २४ एप्रिल २००९ रोजी नवे नियम काढले, ते इतके अडचणीचे की साध्या शिपायास त्यातून आत जाणे कठीण. पाचच दिवसांनी, २९ एप्रिलला, कॉमन्स सभेत २६७ विरुद्ध २४६ मतांनी सरकार हरले. ज्यांचे वडील सहाव्या गुरखा पलटणीत अधिकारी होते त्या जोआना लम्ले ह्या नटीने चळवळीची धुरा उचलली होती. २१ मे रोजी गृहमंत्र्यांनी चार वर्षे नोकरी केलेल्या सर्व निवृत्त गुरख्यांस पत्नी व अज्ञान मुलांसह राहण्याचा हक्क मान्य केला.

सरकार आधी म्हणत होते की, एक लाख माणसे येतील आणि वर्षाला १४० कोटी पौंड खर्च येईल. चळवळीचे लोक हा आकडा फुगविलेला आहे असे म्हणत. पण ह्या वादात एक गोष्ट दोन्ही बाजूंनी दुय्यम राहिली. राहण्याचा हक्क मिळाला. पेन्शन तेच राहिले. १९९७ नंतरच्या नोकरीचे पेन्शन २००७ साली बरोबरीचे केले होते. त्याआधीच्या वर्षांस मात्र त्याचा अंशच मोल दिले गेले. पुढे हा दावा युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि १५ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल गुरख्यांच्या विरुद्ध लागला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये माजी गुरखा शिपाई लंडनात पंतप्रधानांच्या दारासमोर तेरा दिवस उपोषणास बसले, ते ह्याच प्रश्नावर.

ह्याचा परिणाम काय झाला तो पाहा. नेपाळात राहून त्या लहान पेन्शनवर म्हातारपण काढणे कठीण. इंग्लंडात आले तर गरीब वृद्धांस सरकार जी पूरक मदत देते ती मिळते, पण ती तेथे राहिले तरच. देशाबाहेर जास्त दिवस राहिले की ती थांबते. २०१६ पासून ही मुदत साधारणतः चार आठवड्यांवर आली आहे. म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसाने आपले घर, शेत, सोयरे सोडून थंडीच्या मुलखात भाड्याच्या खोलीत राहावे, भाषा येत नसता डॉक्टरास आपले दुखणे सांगावे, आणि गावी कोणी वारले तर दिवसकार्य उरकून घाईने परतावे. ज्यास पोखऱ्याला किंवा धरानला सुखाने राहावयाचे होते, त्यास आल्डरशॉटच्या बागेतल्या बाकावर आणून बसविले ते पेन्शनच्या ह्या हिशेबाने. जे काही खरोखर इंग्लंडातच राहू इच्छीत होते त्यांना हक्क मिळाला हे योग्यच झाले; परंतु जे गरजेपोटी आले त्यांना आपली निवड करता आली असे कोणी म्हणू नये.

आता आल्डरशॉटकरांची बाजू. १८५१ साली हजार वस्तीही नसलेले हे खेडे. १८५४ साली फौजेने तेथे जमीन घेतली आणि छावणीने ते गाव वाढविले. त्याच १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी राहिली. एक गाव बाहेरच्या शिपायांनी वाढले, दुसरे बाहेरच्या मजुरांनी. आल्डरशॉटला स्कॉच, आयरिश, वेल्श सारे शिपाई राहून गेले. त्यामुळे परका शिपाई म्हणून त्या गावाने नाक मुरडावे असे काही नव्हते. पण २०११ च्या शिरगणतीत आल्डरशॉट व फार्नबरो मिळून होणाऱ्या रश्मूर भागाच्या सुमारे ९४ हजार वस्तीत नेपाळी सहा हजारांवर निघाले, आणि त्यांतले पुष्कळसे थोड्या वर्षांत आलेले, वयस्क, इंग्रजी न येणारे. दवाखान्यातली रांग लांबली, दुभाषे मिळेनात, शाळेत इंग्रजी न समजणारी मुले वाढली. हे त्रास खोटे नव्हते. रांगेत उभ्या असलेल्या गरीब इंग्रज बाईस 'तू वंशद्वेषी आहेस' असे सांगून तिचा नंबर लवकर लागत नाही. तसेच त्या रांगेतल्या नेपाळी म्हातारीस 'तू परत जा' असे म्हणून नवा डॉक्टर नेमला जात नाही. हक्क दिला पार्लमेंटाने, टाळ्या घेतल्या पुढाऱ्यांनी, आणि निवारा द्यावयाचे काम पडले एका नगरपालिकेवर आणि तिच्या दोन-चार दवाखान्यांवर.

येथे कोणी म्हणेल की, मग ह्या लोकांस देशभर थोडेथोडे पांगवावे. हा उपाय वरवर शहाणपणाचा दिसतो. पण म्हातारा माणूस जेथे आपली पलटण होती, जेथे ओळखीचे चार सोबती भेटतात, जेथे आपली भाषा बोलणारा कारकून मदतीच्या कचेरीत बसतो, तेथेच जाणार. मालवणी माणूस मुंबईत लालबाग-परळ सोडून अनोळखी वस्तीत का गेला नाही, ह्याचे जे उत्तर तेच ह्याचे. माणसे पांगविण्यापेक्षा पैसा त्यांच्या मागोमाग पाठविणे सोपे होते. पलटणीने वाचविलेला पगार सबंध राष्ट्राच्या तिजोरीत राहिला होता. तेव्हा त्याची परतफेडही सबंध राष्ट्राने करावयास हवी होती.

बिऱ्हाड नाकारल्याने प्रश्न सुटतो असे ज्यांस वाटते त्यांनी सिंगापूरकडे पाहावे. तेथील पोलिसांत १९४९ पासून गुरखा तुकडी आहे. शिपाई कुटुंबासह छावणीत राहतात, मुले तेथल्या शाळेत शिकतात, आणि बाप पंचेचाळिशीस निवृत्त झाला की सारे कुटुंब नेपाळला परत जाते. तेथे जन्मून वाढलेल्या मुलीस एके दिवशी आपली शाळा, मैत्रिणी आणि भाषाही सोडून, सुट्टीत पाहिलेल्या देशात 'घरी' जावे लागते. तेथे वाद होत नाही, वर्तमानपत्रांत पत्रे येत नाहीत, नगरपालिकेवर ताण पडत नाही. सर्व शांत असते. कारण भार सारा त्या मुलीने उचललेला असतो.

भारतातही आता नवा प्रश्न उभा राहिला आहे. २०२२ साली चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना आली, तेव्हा १९४७ च्या करारात हे बसत नाही म्हणून नेपाळ सरकारने आपल्या तरुणांच्या भरतीस संमती दिली नाही. चार वर्षांनी बहुतेकांनी घरी परतावयाचे आणि पेन्शन नाही, ही अट आमच्या ओळखीची आहे. गिरणीत तिला बदली म्हणत, हल्ली कारखान्यात कंत्राटी म्हणतात.

ह्या सर्व इतिहासातून आम्ही एवढेच घेतो. ज्याचे काम कायमचे हवे आहे त्याचे घर तात्पुरते ठेवता येत नाही. ते पुढे ढकलता येते, दूरच्या डोंगरावर लोटता येते, धर्मादायाच्या पेटीत झाकून ठेवता येते. पण एक दिवस त्याचा आकडा व्याजासह समोर येतो. तो आकडा ज्याने लाभ घेतला त्याच्यापुढे ठेवला गेला नाही, तर दोन गरीब रांगेत एकमेकांकडे रागाने पाहू लागतात, आणि लाभ घेणारा दोघांच्या भांडणात पंच होऊन बसतो. आल्डरशॉटची बाई आणि पोखऱ्याचा म्हातारा ह्यांचे भांडण एकमेकांशी नव्हते. दोघांनी मिळून एकच अर्ज करावयास हवा होता: शिपायास त्याचे पुरे पेन्शन त्याला हवे तेथे द्या, आणि जो येथे राहील त्याच्या वाट्याचा डॉक्टर व मास्तर ह्या गावास द्या. असा संयुक्त अर्ज लिहिणे फार कठीण असते, हे आम्ही कामगारांच्या दोन गटांत अनेकदा पाहिले आहे. तो लिहिला गेला की पुढचे काम पुष्कळ सोपे होते, हेही पाहिले आहे.